तांदळातले खडे

काही माणसांचा गळा जन्मतःच गोड असतो. काहींची बोटं जन्मतःच तबल्यासाठी घडलेली असतात. माझी नजर जन्मतःच चुकीवर पडते. कुठलीही गोष्ट समोर आली की आधी तिच्यातली चूक दिसते आणि मग, वेळ उरलाच तर, गोष्ट दिसते. लग्नपत्रिका हातात आली की वधूवरांची नावं वाचण्याआधी मी तारीख आणि वार यांचा मेळ बसतो का ते कॅलेंडरात पाहतो. एका पत्रिकेत तो बसत नव्हता. मी ताबडतोब वधूपित्याला गाठून ते दाखवून दिलं. पत्रिका तेव्हा वाटून संपल्या होत्या. लग्न व्हायचं त्या दिवशी झालं, पाहुणे यायचे तेवढे आले. फक्त त्या घरातून मला पुन्हा कधी बोलावणं आलं नाही.

दैवयोगानं नोकरीही अशी मिळाली, की या व्यंगाचा मला पगार मिळू लागला. मी पस्तीस वर्षं एका कार्यालयात बसून दुसऱ्यांचे हिशेब तपासले. हातात लाल शाईचं पेन आणि समोर ताळा न जुळलेली वही असली, की लोकांना काकड आरतीला मिळते तशी शांती मला मिळत असे. सगळा हिशेब बिनचूक निघाला तर त्या दिवशी घरी येऊन मी चहाला नावं ठेवीत असे.

आमचं गोंदिया हे तांदळाचं गाव. राईस मिल इथं इतक्या, की पाहुण्याला पत्ता सांगताना 'अमक्या मिलच्या पुढं, तमक्या मिलच्या अलीकडं' असंच सांगावं लागतं. त्यामुळे आमच्या घरची उपमासुद्धा भातातूनच येते. आमची ही एकदा पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाली, "हे भात खात नाहीत, खडे शोधतात. आणि नाही सापडला की उपाशी उठल्यासारखं तोंड करतात."

हे वाक्य मी तेव्हा तिची चूक म्हणून मनात नोंदवून ठेवलं. ती चूक नव्हती हे कळायला एक जपानी पोरगं घरात यावं लागलं.

निवृत्त झाल्यावर तपासायला वही उरली नाही. पेन्शन बरोबर येत होतं, विजेचं बिलसुद्धा बरोबर येऊ लागलं होतं. अशा कठीण काळात उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून नातू आला. महाराष्ट्र एक्सप्रेसमधून उतरला, आंघोळ केली, आणि टीव्हीसमोर बसला तो जेवायलाच उठला. टीव्हीवर शिनचॅन नावाचा एक मुलगा हिंदीतून आईला उलट बोलत होता.

"याचं वय काय?" मी विचारलं.

"पाच."

"गेल्या उन्हाळ्यात तू आला होतास, तेव्हाही हाच होता. तेव्हा?"

"पाच."

"आणि पुढच्या उन्हाळ्यात?"

नवशिका कारकून बेरजेत अडखळला की मी ज्या नजरेनं त्याच्याकडे पाहत असे, त्याच नजरेनं नातवानं माझ्याकडे पाहिलं. "आबाजी," तो म्हणाला, "तो शिनचॅन आहे."

हे त्याच्या मते उत्तर होतं. माझ्या मते तो आक्षेप होता. मी उठलो, कपाटातून कोरी वही काढली, लाल पेन झटकून पाहिलं. किती तरी वर्षांनी त्या दिवशी मला कडकडून भूक लागली.

वाचकहो, त्या वहीतल्या निवडक नोंदी आपल्यासमोर ठेवतो. योशितो उसुई या जपानी चित्रकारानं १९९० साली शिनचॅनला जन्म दिला. १९९२ साली तो टीव्हीवर आला आणि २००६ साली हिंदी शिकून आपल्याकडे आला. इतक्या काळात पोरगं पाच वर्षांच्या पुढं सरकलेलं नाही. बाप पस्तीसचा आहे, तो पस्तीसचाच. आई एकोणतीसची आहे, ती एकोणतीसचीच. पण ते एक वेळ समजण्यासारखं आहे. १९९२ पासून सरळ हिशेब धरला तर हा मुलगा आज आपल्या बापापेक्षा मोठा निघतो. बरं, काळ अजिबात चालत नाही असं म्हणावं, तर १९९६ साली त्याला एक बहीण झाली. म्हणजे आईला नऊ महिने मोजून मिळाले आणि मग घड्याळ पुन्हा बंद. ती बहीण त्यानंतर आजतागायत रांगते आहे. नावांचाही घोळ आहेच. जपानात बापाचं नाव हिरोशी आणि आईचं मिसाए. हिंदीत येताना ते हॅरी आणि मित्सी झाले. पोराचं मात्र बदललं नाही. रेशनकार्डावर असं असतं तर मी एक पोतं साखर मिळू दिली नसती.

पण खरी मजा कर्जात आहे. या हिरोशीनं घरासाठी कर्ज काढलंय आणि त्याचे बत्तीस वर्षांचे हप्ते बाकी आहेत. बिचारा रोज गाडीत लोंबकळत कचेरीत जातो, दरमहा हप्ता भरतो, आणि तरी बाकी बत्तीस वर्षं. मधे एकदा गॅसचा स्फोट होऊन ते घर जमीनदोस्त झालं, मंडळी भाड्याच्या खोलीत राहिली, घर पुन्हा उभं राहिलं. बाकी बत्तीस वर्षं. ही चूक मी वहीत लिहिली खरी, पण तिच्यापुढं लाल फुली मारताना हात जरा थबकला. ज्यानं ज्यानं घरासाठी कर्ज काढलंय त्याला विचारा. चूक आहे की वस्तुस्थिती आहे, हे तोच सांगेल.

आणखी एक गंमत. त्या घरातली माणसं बदलत नाहीत, पण वस्तू बदलतात. आधी वायरचा फोन होता, पुढं खिशातला आला. हिंदीत बोलणारे मधेच आपल्या सिनेमांचे टोमणे मारतात, तेही ताजे असतात. आमच्या घरी नेमकं उलट आहे. पंखा १९८४ सालचा, कपाट हुंड्यात नको म्हणताना आलेलं, आणि त्यांच्यामध्ये आम्ही दोघं मात्र दर भागात म्हातारे होत गेलो.

हे सगळं मी अमेरिकेतल्या भाच्याला फोनवर सांगितलं. तो हसून म्हणाला, "मामा, हे काहीच नाही. आमच्याकडच्या सिम्पसन कुटुंबाची वही काढाल तर तुम्हाला दुसऱ्यांदा नोकरी लागेल." १९८९ च्या डिसेंबरात या कुटुंबाची अर्ध्या तासाची मालिका सुरू झाली. त्यातला मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता आणि आजही आहे. त्याच्या आईबापाचं प्रेम कधी जमलं? १९९१ सालच्या एका भागात १९७४ साली, शाळेत असताना. २००८ सालच्या एका भागात तेच जोडपं १९९० नंतरच्या काळात लग्नाआधीचं तरुण म्हणून वावरतं. एकाच नवराबायकोचं तारुण्य वीस वर्षांनी पुढं सरकवलं, आणि बायकोनं हूं की चूं केलं नाही! आमच्याकडे साखरपुड्याच्या साडीचा रंग मी मोरपंखीऐवजी हिरवा म्हटला, त्याला बारा वर्षं झाली. ते प्रकरण अजून मिटायचं आहे.

१९९७ साली त्यांनी कहरच केला. शाळेचा मुख्याध्यापक म्हणून ज्याला सगळं गाव वर्षानुवर्षं ओळखत होतं, तो तो नाहीच, दुसऱ्याचं नाव घेऊन राहिलेला तोतया आहे, असं एका भागात निघालं. खरा माणूस परत आला. गावानं त्याला दोन दिवस पाहिलं आणि ठरवलं, की आपल्याला तोतयाच बरा. खऱ्याला आगगाडीत बसवून रवाना केलं. न्यायाधीशानं निकाल दिला, की आता सगळं पूर्वीसारखं चालेल आणि या प्रकरणाचा पुन्हा कुणी उच्चार केला तर त्याचे हाल हाल करण्यात येतील. निकालपत्र म्हणून हे बेकायदेशीर आहे, यात शंका नाही. पण संसार चालवायचं कलम म्हणून याच्याइतकं उपयोगी दुसरं मी वाचलेलं नाही.

त्याच वर्षी त्याच मालिकेत आणखी एक प्रसंग होता. कार्टूनमधला उंदीर मांजराच्या एकाच बरगडीवर दोनदा ठोका मारतो आणि आवाज मात्र दोन वेगळे येतात, अशी तक्रार घेऊन एक गृहस्थ भर सभेत उभा राहतो. ही घोडचूक करणाऱ्याची नोकरी गेली असेल अशी आशाही तो व्यक्त करतो. भाचा हे सांगून खदाखदा हसला. मी हसलो नाही. बरगडीचा मुद्दा मला बिनतोड वाटला होता. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की सात समुद्रांपलीकडं, मला न पाहता, कुणी तरी माझं चित्र काढून ठेवलंय.

आता कुणी म्हणेल, की कार्टूनच ते, त्यात एवढं काय? पण ही चाल जुनी आहे. शेरलॉक होम्सच्या डॉक्टर वॉटसनला लढाईत गोळी लागली ती १८८७ च्या पुस्तकात खांद्याला, आणि १८९० च्या पुस्तकात ती जखम पायाला दुखते. शेक्सपिअरच्या ज्युलिअस सीझरच्या रोममध्ये घड्याळाचे ठोके पडतात. आपला परशुराम रामायणात भेटतो आणि महाभारतातही भेटतो. कीर्तनात त्याचं वय विचारणारा श्रोता मी अजून पाहिलेला नाही. चिंटू १९९१ साली वर्तमानपत्रात आला आणि किती तरी वर्षं रोज सकाळी तेवढाच राहिला. पुण्यात त्याच्याबरोबरची वाचक पोरं बापे झाली.

आणि दुसऱ्यांचं कशाला? आमच्या जिल्ह्याकडंच पाहा. १९५४ साली मी जन्मलो तो मध्य प्रदेशात. दोन वर्षांनी बोलू लागलो तो मुंबई राज्यात. सहा वर्षांचा झालो तेव्हा महाराष्ट्रात होतो. भंडारा जिल्ह्यातून नोकरीला लागलो आणि १ मे १९९९ रोजी झोपेतून उठलो तो गोंदिया जिल्ह्यात. गाव तेच, विहीर तीच, विहिरीवर भांडणाऱ्या बायकाही त्याच. असं एखाद्या मालिकेत दाखवलं असतं तर मी लेखकाला नोटीस काढली असती.

तर चुका सगळीकडं आहेत. प्रश्न एवढाच, की चूक दिसली की ती सांगावी का?

तरुणपणी मला हा प्रश्नच पडत नसे. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक होतं. परशुराम खुणे या झाडीपट्टीच्या कलावंताला २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठं बाकीच्यांना या रंगभूमीचा पत्ता लागला. आम्ही आईच्या मांडीवर झोपून ती पाहिलेली आहे. नाटक ऐतिहासिक असलं तरी त्यातला विनोदी नट गेल्या महिन्यातल्या सिनेमाचं गाणं म्हणतो, आणि सरदारही मान हलवतो. अशाच एका नाटकात खान दरबारात आला आणि त्याच्या मनगटावर घड्याळ चमकलं. मी भर गर्दीत उभा राहून ओरडलो, "घड्याळ! घड्याळ!" मागून एका म्हाताऱ्यानं माझा सदरा ओढला. "घडी दिसली तं टाइम पाहून घ्या जी," तो म्हणाला, "आन् बसा खाली. मांगच्या लोकायले दिसत नाही."

'मागच्या लोकांना दिसत नाही' या आक्षेपाचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

पण त्या दिवशी खानाचं काही बिघडलं नाही. त्यानं हात पाठीमागं घेतला आणि संवाद पुढं चालू ठेवला. सगळी माणसं असं करू शकत नाहीत. आता जी गोष्ट सांगतो ती सांगायचं मी बरेच दिवस टाळत होतो.

आमचा दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हा सातवीतूनच शाळा सोडून तो शेतात उतरला. आमचं गाव नवेगावबांधच्या अंगाला, जंगलाला लागून. १९६० च्या पावसाळ्यात मला ताप भरला आणि दादानं रात्री मला खांद्यावर टाकून अर्जुनीला डॉक्टरकडे नेलं. ही आमच्या घरची मुख्य गोष्ट. दर लग्नाला, दर बारशाला दादा ती सांगायचा आणि आम्ही ऐकायचो.

आता, गोष्ट म्हटली की नोंद आलीच. माझ्या लहानपणी ती वाट तीन कोस होती आणि वाटेत एक कोल्हा दिसला होता. मी मॅट्रिक झालो, त्या पेढ्यांच्या वेळी कोल्ह्याचं अस्वल झालं. माझ्या लग्नात वाट पाच कोसांची होऊन अस्वलाच्या जागी वाघ उभा राहिला. पुढं हा वाघ आमच्या मागून चालू लागला, आणि 'पोराच्या अंगात ताप हाय' हे पाहून परत फिरला. सरकारनं नवेगाव-नागझिऱ्याचा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली जाहीर केला; दादानं तो फार आधीच केला होता.

२०१२ साली मी निवृत्त झालो. घरच्यांनी सत्कार केला, दीडदोनशे माणसं जेवायला होती. दादानं उठून गोष्ट सांगितली. त्या दिवशी वाट सात कोस होती. मग मी आभार मानायला उभा राहिलो आणि माझ्यातला तपासनीस शेवटचं काम करून गेला. मी कोल्हा, अस्वल, वाघ यांचा सालवार तक्ता सांगितला. दर वर्षी वाट सरासरी किती वाढली ते सांगितलं. आणि टाळ्या पडत होत्या म्हणून शेवटी हेही सांगितलं, की माय तर म्हणायची, अर्ध्या वाटेवर एक बंडी भेटली होती.

मंडप हसून हसून लोटपोट. दादासुद्धा हसला. दुपट्ट्यानं तोंड पुसून म्हणाला, "बरोबर हाय. बापू हिशेबाचा पक्का हाय."

त्यानंतर घरात तीन लग्नं झाली, बारशी झाली. दादानं ती गोष्ट पुन्हा सांगितली नाही. कुणी आग्रह केला तर म्हणे, "बापूले इचारा. त्याच्यापाशी बरोबर लिहून हाय." मला हे बरीच वर्षं लक्षातच आलं नाही. माझ्या वहीत चुका लिहायला रकाना होता, बंद पडलेल्या गोष्टीसाठी नव्हता.

या उन्हाळ्यात शिनचॅनची वही भरत बसलो असताना हे सगळं वर आलं. बायकोनं वही पाहिली आणि सहज विचारलं, "याच्यात आपल्या घरच्या चुका नाही लिहिल्या?" मी म्हटलं, दादाची गोष्ट तर कधीच तपासून झाली. ती म्हणाली, "दादांची नव्हे. तुमची."

माझी गोष्ट अशी. वडिलांच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा मी माझ्या वाट्यावर हक्कसोड सही करून दिली. 'नोकरदार भाऊ असावा तर असा, सगळं शेत मोठ्या भावाला सोडलं,' असं नातेवाईक चाळीस वर्षं म्हणत आले आहेत. दादाही तसंच सांगतो. त्या सत्कारातसुद्धा त्यानं ते सांगितलं होतं. मी मान खाली घालून, विनयानं, ऐकून घेतलं होतं.

आता हिशेब. मी नागपूरला कॉलेजात होतो तेव्हा माझ्या खोलीचं भाडं आणि मेसचं बिल भागवायला दादानं तीन बांध्या विकल्या. तलावाच्या पाण्याखालच्या, सगळ्यांत चांगल्या. वहिनीच्या हातातलंही काही तेव्हाच गेलं. म्हणजे माझा वाटा मी वाटणीच्या आधीच वरणभातात कालवून खाल्ला होता. जे सोडलं ते माझं नव्हतंच. सोडल्याची कीर्ती मात्र माझी.

वाघ एक नव्हता हे मी दोनशे माणसांना सांगितलं. बांध्या तीन होत्या हे एकालाही नाही.

पंगतीतल्या खड्यांचं वाक्य मला तेव्हा पुरतं कळलं. खडा दाताखाली येतो म्हणून सापडतो. पायलीभर तांदूळ मोजून घेताना आपल्या पिशवीत चार मुठी जास्त पडले, तर ते कधी कुणाच्या दाताखाली आलेत? उलट भात मऊ लागतो. इतकी वर्षं मी स्वतःला सत्याचा भक्त समजत होतो. माझं सत्य दुसऱ्याच्या ताटातले खडे वेचत होतं. माझ्या पिशवीतल्या चार मुठींकडं त्यानं कधी मान वळवली नाही.

म्हणजे चुका सांगूच नयेत, असं का? तेही मला पटत नाही. इतकी वर्षं पगार घेतलाय. 'सगळं कार्टूनच आहे' म्हणून सोडून दिलं, तर न्यायाधीशाच्या त्या निकालासारखं होईल, तोतया सुखी आणि खरा माणूस आगगाडीत. दादाला तसं आगगाडीत बसवूनच मी चाळीस वर्षं गावात राहिलो होतो. फरक आहे तो चुकीनं कुणाचं माप कमी झालं यात. कोल्ह्याचा वाघ झाला, तर कोल्ह्याखेरीज कुणाचं काही गेलं नाही. शिनचॅन पाचाचा राहिला म्हणून कुणाचं बुडालं? त्याला जन्म देणारे उसुई २००९ साली डोंगरावरून पडून गेले. पोराला तेही कुणी सांगितलं नाही. ते अजून आईला उलट बोलतंय आणि माझा नातू हसतोय. असल्या चुकांकडं बघून माणसानं टाइम पाहावा आणि खाली बसावं. पण ज्या चुकीनं दुसऱ्याचं श्रेय आपल्या नावे जमा झालंय, तिथं उभं राहून ओरडावं. मग मागच्या लोकांना दिसो की न दिसो.

तत्त्व सापडलं, की माणसाला ते अमलात आणायच्या आधी दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी मी नातवाला घेऊन गावी गेलो.

दादा आता ऐंशीच्या पुढं आहे. ओसरीत खाटेवर बसलेला असतो. माणसं ओळखतो, पण कुठलं माणूस कुठल्या सालातलं, हा मेळ त्याला बसत नाही. मी बांध्यांची गोष्ट काढली. वहिनीसमोर, पुतण्यांसमोर, सुनांसमोर सगळी सांगितली, आकड्यांनिशी. घसा कोरडा पडला. वहिनी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "आता काऊन काढता भाऊजी? झाले ते दिवस." पुतण्या काही बोलला नाही. उठून त्यानं मला पाण्याचा तांब्या आणून दिला. दादानं ऐकलं की नाही, कोण जाणे.

मग त्यानं नातवाला जवळ बसवलं आणि किती तरी वर्षांनी, आपणहून, गोष्ट सुरू केली.

"लहानपनी मले लय ताप आला होता बाबू. बाहेर पानी. तं ह्या बापूनं मले खांद्यावर घेतलं, आन् रातोरात अर्जुनीले नेलं. लय जीव लावते हा भाऊ मले."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. वहिनींनी डोळ्यांनी खुणावलं, राहू द्या. म्हाताऱ्या माणसाला दुरुस्त करू नये, एवढं मलाही आता कळत होतं. पण ही चूक माझ्या पिशवीत पडत होती. आणखी चार मुठी. आणि या वेळी त्या दादाच स्वतःच्या हातानं घालत होता.

"नाही दादा," मी म्हटलं. "चुकलं तुझं. ताप मला होता. तू मला नेलंस."

तो गोंधळून पाहत राहिला. मग मीच सांगायला लागलो. पाऊस सांगितला, चिखल सांगितला. पंधरा वर्षांच्या पोरानं सहा वर्षांच्या पोराला खांद्यावर घेऊन तुडवलेली वाट सांगितली. सात कोस. जंगल आलं. मी थांबलो.

"मंग?" दादानं विचारलं.

"मग मागून वाघ आला."

दादाचे डोळे मोठे झाले. "आन् मंग?"

"मग त्यानं पाहिलं, पोराच्या अंगात ताप आहे. आणि परत गेला."

दादानं मांडीवर थाप मारली. "पाहा!" तो सगळ्यांना म्हणाला, "मी सांगत नव्हतो?"

संध्याकाळी परतताना नातू बराच वेळ गप्प होता. काही तरी जुळवत असावा. माझंच रक्त आहे. शेवटी म्हणाला, "आबाजी, पण आजी म्हणते, आधी कोल्हा होता. आणि बंडी पण मिळाली होती ना?"

मी त्याच्याकडे पाहिलं. घरी कपाटात अर्धी कोरी वही होती. लाल शाईही पुष्कळ उरली होती.

"अरे," मी म्हटलं, "तो दादा आहे."